बांगड्यांच्या फ्रीजमधली बिअर

आमच्या मागच्या पडवीत एक छोटा फ्रीज होता आणि तो फक्त माशांचा होता. सासरे गेल्यानंतर सासूबाईंनी मासे सोडले. म्हणजे खाणं सोडलं. मासळीवरची नजर सोडली नव्हती. मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी घेऊन आले की नाकाला पदर लावून त्या पिशवीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "सौंदाळे कालचे आहेत गो. डोळे बघ त्यांचे." मात्र स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये दुधा-लोण्याशेजारी मासे ठेवलेले त्यांना चालायचे नाहीत. त्यात गैर काहीच नव्हतं. म्हणून माझ्या नवऱ्याने कमरेच्या जरा वर येणारा, एका दाराचा जुना फ्रीज कुठूनसा आणून पडवीत ठेवला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. रविवारी मासळी आणायची, साफ करून हळद-मीठ लावून डब्यांत भरायची, की आठवडा निघायचा. त्या फ्रीजचं दार उघडलं की वास यायचा. पण माशांच्या फ्रीजला माशांचाच वास येणार, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. किळस पुढे आली, त्यात बिअर भरल्यावर.

माझे धाकटे दीर बोटीवर इंजिनिअर होते. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग तीन-चार महिने घरी. लग्न केलं नव्हतं. मी त्यांना भावजी म्हणायचे. भारनियमन सुरू झालं त्या सुमाराची गोष्ट. दिवाळीच्या थोडं आधी ते सुट्टीवर आले. नेहमीप्रमाणे बॅगेतून सगळ्यांसाठी काही ना काही निघालं. सासूबाईंना बॅटरी, मला अत्तर, नवऱ्याला दाढीचं सामान. सगळ्यांत शेवटी त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली आणि तान्ह्या मुलाचं दुपटं सोडावं तसा तो टॉवेल सोडला. आत पितळेचा एक नळ होता. त्याला पांढऱ्या चिनीमातीची लांब मूठ.

"हा बघा, वहिनी. एका बंदरातला बार बंद झाला. मालकाने मला दिला."

"नळ दिला?"

"बिअरचा नळ. घरी बसवायचाय."

सासूबाई बॅटरी लावून-विझवून बघत होत्या. त्यांनी मान वर केली. "दारू?"

"दारू नाही गं आई. बिअर. म्हणजे बार्लीचं पाणी समज."

"बार्लीचं पाणी लघवीला जळजळ झाली की देतात," सासूबाई म्हणाल्या. "तुला होते का?"

आम्ही हसलो. भावजीही हसले. हसता हसताच ते पडवीत गेले, माशांच्या फ्रीजचं दार उघडलं, आत वाकून दोन्ही हातांनी माप घेतलं आणि म्हणाले, "बसतंय."

"मासे कुठे ठेवू मी?" मी विचारलं.

"तुमचा आतला फ्रीज अर्धा रिकामा असतो, वहिनी. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा नळाकडे बघत होता. धाकट्या भावाला नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलेलं नाही. भाऊ वर्षातून थोडे दिवस घरात असतो, त्यात आपण काय अडवायचं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याने ते दिलंही नाही, नुसते खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझे माशांचे डबे मोरीत पाण्यात तरंगत होते आणि फ्रीज परसात, जांभ्याच्या फरशीवर आडवा पडला होता. दार निखळून बाजूला ठेवलेलं. भावजी उघड्याबंब अंगाने त्याच्या आत शिरून घासत होते. सोडा झाला, व्हिनेगर झालं, लिंबाची सालं झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून कॉफीची पूड वाटीत भरून आत ठेवली, मग कोळसे ठेवले. यायच्या बिअरच्या पिंपाला आत जागा पुरत नव्हती म्हणून दाराच्या आतलं पांढरं प्लॅस्टिक त्यांनी कापून काढलं. त्याच्यामागे काय असेल याचा विचार मी इतकी वर्षं केला नव्हता, आणि करावा लागला नसता तर बरं झालं असतं. थर्मोकोल तपकिरी होऊन भिजला होता. त्यातून झुरळांची पिल्लं निघाली, पांढुरकी, अजून रंगही न धरलेली. एका कोपऱ्यात चोथ्यासारखं काहीतरी साचलं होतं आणि त्यात माशांचे खवले चमकत होते. माझ्याच हातचे असणार. भावजींनी ते खराट्याच्या काडीने उकरून काढलं आणि म्हणाले, "झालं. आता स्वच्छ."

"वास येतोय अजून," मी म्हटलं.

"वाऱ्यावर जाईल."

मग त्यांनी वरचा बर्फाचा कप्पा खाली वाकवला. ते मात्र फार जपून केलं, हे मी मान्य करते. त्या कप्प्याच्या पत्र्यातच गॅसची नळी फिरवलेली असते, ती चिरली तर फ्रीज मेला, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. गरम पाण्याच्या कपड्याने शेकत शेकत, आजारी माणसाचा गुडघा दुमडावा तसा तो कप्पा त्यांनी दुमडला. दाराला ड्रिलने भोक पाडलं. भोकातून नळ बसवला, मागे प्लॅस्टिकची पारदर्शक नळी लावली. गोळीसोड्याच्या कारखान्याचे मालक त्यांचे शाळेपासूनचे मित्र; त्यांच्याकडून गॅसचा सिलिंडर आला. बिअरचं पिंप कोल्हापूरच्या कुणा हॉटेलवाल्यामार्फत टेंपोतून आलं. परवान्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. पालीच्या बाजारात टेंपोवाला जेवायला थांबला, तर पिंप उन्हात तापलं म्हणून भावजी त्याच्यावर इतके चिडले, की एवढं मी त्यांना कुठल्या माणसासाठीही चिडलेलं पाहिलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी पाच मित्र आले. सोडावाले, एक बँकेतले, एक बागायतदार आणि आणखी दोघे, ज्यांची मला नुसती तोंडओळख होती. सगळे चांगल्या घरचे, पोराबाळांचे. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी काचेचे उंच ग्लास ओळीने मांडले, पहिला ग्लास तिरका धरला आणि मूठ पुढे ओढली. नळाने एक ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि फेस आला. नुसता फेस. दुसऱ्या ग्लासात फेस, तिसऱ्यात फेस. बादली आणली, बादलीत फेस. पडवीभर ती आंबूस चिकट बुडबुड्यांची वाट झाली आणि भावजी घामाघूम होऊन, "दाब जास्त झालाय, थांबा, थांबा," म्हणत पान्याने काहीतरी पिळत राहिले. शेवटी पिवळी धार आली. टाळ्या झाल्या.

सगळ्यांनी घोट घेतला. मी चकल्यांचं ताट घेऊन दारात उभी होते म्हणून मला तोंडं दिसली. घोट घेतल्यावर क्षणभर कुणीच गिळलं नाही. बँकेतल्या गृहस्थांनी ग्लास नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला. बागायतदार घशातल्या घशात खाकरले.

"कशी आहे?" भावजींनी विचारलं.

"फर्स्टक्लास!"

"एकदम परदेश!"

सोडावाले तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी चकली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवी धुवायला गेले तेव्हा नळाखालच्या ताटलीत काल ठिबकलेलं साचून दह्याच्या निवळीसारखं झालं होतं. त्यावर चिलटं. मुंग्यांची रांग दारापासून नळाच्या तोंडापर्यंत चढली होती. मी वाकून वास घेतला. आंबलेल्या पावाचा वास, आणि त्याच्या पाठून, अगदी सावकाश, ओळखीचा बांगडा. माशांच्या फ्रीजला जो वास शोभायचा तोच वास बिअरमधून आल्यावर मी ती ताटली हातभर लांब धरून मोरीत ओतली. ती पहिली खेप. पुढे रोज सकाळी हेच माझं काम झालं, कारण भावजी उशिरा उठायचे आणि सासूबाईंच्या दृष्टीस ते पडू नये असं मला वाटायचं.

सासूबाईंचं पडवीत येणं थांबलंच होतं. एरवी दुपारी त्या तिथे बसून तांदूळ निवडायच्या, कोकमाची सोलं चाळायच्या. आता त्या माजघरातच बसू लागल्या. आणि मासे आतल्या फ्रीजमध्ये गेले, तीन-तीन पिशव्यांत गुंडाळून, झाकणं घट्ट लावून. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त एक दिवस माझ्या लक्षात आलं, की त्या चहा बिनदुधाचा घेताहेत.

"आई, दूध घाला ना."

"नको गो. पित्त होतं हल्ली."

ताकही नको झालं, लोणीही. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पित्त होतं म्हणाली ना?" आणि पडवीत गेला. तोही आता संध्याकाळी तिथेच असायचा. मला त्याची, त्या ग्लासांची, ताटातल्या उष्ट्या दाण्यांची, सगळ्याचीच शिसारी यायला लागली. माणसं उठून गेली की पडवीतली फरशी पायाला चिकटायची, पाऊल उचललं की चर्र आवाज यायचा. नळाला जोडलेली ती पारदर्शक नळी आतून बुळबुळीत झाली होती; दार उघडं असताना मी पाहिलं, तिच्या आत फिकट करड्या रंगाचं काहीतरी शेवाळासारखं हलत होतं. मी भावजींना दाखवलं.

"गरम पाणी सोडून साफ करतो," ते म्हणाले. केलं एकदा. मग दुपारची वीज जायला लागली, आतलं सगळं कोमट व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा फेसच फेस. नळी साफ करायची राहून गेली. दुसरं पिंप आलं.

परसात पाणी जातं तिथे आमचं अळू होतं. चांगलं पसरलेलं, हाताएवढ्या पानांचं. मोरीचं पाणी त्याच्याकडे न जाता विहिरीच्या कठड्याजवळचं स्वच्छ पाणीच जावं म्हणून मी चर खणून घेतला होता. एका सकाळी फतफत्यासाठी पानं काढायला गेले, तर जमीन ओली आणि वास वेगळाच. पानं पिवळी पडलेली. मला कळायला वेळ लागला नाही. संडास परसातच, दहा पावलांवर. पण तिथवर जाण्याचे कष्ट कोण घेणार! मी काढलेली पानं तिथेच टाकली, हात तीनदा साबणाने धुतले आणि शाळेत गेले. दिवसभर मला वर्गात तो वास येत होता.

त्या दिवशी दिवेलागणीला मी मुद्दाम मागच्या खोलीच्या खिडकीशी वह्या घेऊन बसले होते. कोण जातं ते मला बघायचं होतं. वीज त्या दिवशी संध्याकाळीही गेली होती; परसात अंधार, पडवीत फक्त कंदील. दोघे बाहेर आले आणि सरळ अळवात जाऊन उभे राहिले. बँकेतले आणि बागायतदार. आवाज ओळखीचे होते.

"आज वास जरा जास्तच मारतोय रे," एक म्हणाला.

"बांगडा ब्रँड!"

दोघे हसले. "फुकट आहे म्हणून चाललंय. बांगड्याचं पाणी पाजतो मेला आणि वर विचारतो कशी आहे."

"बोलू नको. परत जाताना सेंटची बाटली देणार आहे मला."

"आणि बायको करून देत नाही कुणी म्हणून नळ घेऊन बसलाय."

पडवीतून भावजींचा आवाज आला, "अरे या लवकर, ताजी धार सोडतोय!" तो आवाज इतका आनंदी होता, की मी हातातली वही मिटली. इतके दिवस मला त्या नळाची किळस होती, फ्रीजची होती, थोडी भावजींचीही होती. ती सगळी त्या क्षणी गोळा होऊन खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या दोन पाठींवर गेली.

सासूबाईंची बॅटरी कोनाड्यात होती. ती घेऊन मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि दोघांवर उजेड टाकला. त्यांची जी धांदल उडाली ती मी इथे लिहीत नाही.

"संडास तिकडे आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं येताय या घरात."

"नाही, वहिनी, ते... अंधारात दिसलं नाही."

"अळू दिसलं तेवढं? पोट बिघडलं असेल तर घरी जा. बांगड्याचं पाणी सोसत नाही सगळ्यांना."

हे मी मोठ्याने बोलले. पडवीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नवरा कंदील घेऊन बाहेर आला, त्याच्यामागे भावजी, हातात भरलेला ग्लास. फेस ग्लासावरून उतून भावजींच्या मनगटावर ओघळत होता. बागायतदारांनी चपला शोधल्या, बँकेतल्यांनी हातातच घेतल्या, आणि दोघे परसाच्या दगडी गडग्याच्या बाजूने निघून गेले. उरलेलेही मग थोड्या वेळाने उठले.

सकाळी मी पडवी धुवायला गेले तर भावजी आधीच तिथे पायरीवर बसले होते.

"वहिनी, खरं सांगा. वास पहिल्या दिवसापासून होता?"

"हो."

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही घासत होतात तेव्हाच म्हटलं होतं. नंतर मला कुठे विचारलंत तुम्ही? पिणाऱ्यांना विचारलंत."

त्यांनी नाकाला बोट लावलं. मग म्हणाले, "मला नाकाचं काही कळत नाही हो. इंजिनरूममध्ये इतकी वर्षं डिझेल हुंगून नाक मेलंय. तुम्ही सांगाल तेच."

मला हे माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"त्या बंदरात बोट लागली की आम्हाला संध्याकाळभर बाहेर सोडायचे," ते सांगू लागले. "तो एक बार होता. म्हातारा मालक. कुठून आलास, कधी जाणार, काही विचारायचा नाही. ग्लास भरून पुढे ठेवायचा. आणि लोक बसायचे, वहिनी. घाई नाही, उठायचं नाव नाही. इथे आलो की पहिला आठवडा घर भरलेलं असतं. वस्तू वाटून झाल्या की एकेक जण कामाला लागतो. मला वाटलं, हा नळ असला तर रोज येतील."

"आले की रोज."

"हो. आले."

मला त्यांची कीव आली. पण कीव आली म्हणून वास थांबत नाही. ताटलीत चिलटं घोंगावत होती. मी म्हटलं, "आता हे काढा इथून. आजच्या आज."

आम्ही दोघांनी मिळून काढलं. उरलेली बिअर भावजींनी बादल्या भरभरून दूर, गडग्यापलीकडे नेऊन ओतली. फ्रीज भिंतीपासून ओढला आणि त्यांनी मागचा पत्रा खोलला, तेव्हा वास कुठून येत होता ते सापडलं. बर्फ वितळल्याचं पाणी एका नळीतून मागे उतरतं आणि मोटारीच्या डोक्यावर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये साचतं. इतक्या वर्षांचं माशांचं पाणी तिथे साचलं होतं आणि मोटारीच्या उबेने शिजत होतं. भावजींनी आत सगळं घासलं, ट्रेकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही. ट्रे बाहेर ओढला तसा त्यातला राखाडी गोळा खरवसासारखा थरथरला. वर बुरशी, मध्ये एक बुडालेली पाल. मी तोंड दाबून मोरीकडे धावले. मागे वळून बघते तो भावजी, ज्यांना वास येत नव्हता, नुसतं बघूनच पेरूच्या झाडाखाली ओकत होते. कितीतरी दिवस मला खरवसाचं नाव काढवत नव्हतं.

फ्रीज पुन्हा माशांसाठी नीट करून देतो, असं त्यांनी मनावर घेतलं. दाराचं भोक पत्र्याने बुजवलं. पण दुमडलेला कप्पा सरळ करताना नळी चिरली आणि सुस्स आवाज करत गॅस निघून गेला. ते हातातला कपडा तसाच धरून बसून राहिले. भंगारवाला फ्रीज घेऊन गेला तेव्हा त्याने आधी आत नाक घातलं, मग डोक्याचा गमछा सोडून तोंडाला बांधला.

भावजींनी तसाच एक नवा छोटा फ्रीज घेऊन दिला. आतला मोठा फ्रीज मी सोड्याने, मग गरम पाण्याने, मग पुन्हा सोड्याने पुसला. सासूबाईंनी दार उघडून आत तोंड घातलं, बराच वेळ हुंगलं आणि म्हणाल्या, "अजून दोन दिवस जाऊ देत." दोन दिवसांनी त्यांनी दुधाचा चहा मागितला. अळू मी मुळासकट उपटून टाकायला लावलं.

मित्रांपैकी सोडावाले तेवढे येत राहिले. बिअर नव्हतीच, ते पायरीवर बसून चहा प्यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्हाला वास येत होता ना?"

"येत होता की, वहिनी."

"मग पीत का होतात?"

"मी कुठे पीत होतो? हातात ग्लास धरून बसायचो. त्याला बरं वाटायचं."

हा माणूस इतके दिवस माझ्या पडवीत बसत होता आणि मी त्यालाही त्या चौघांतच धरलं होतं.

पुढची सुट्टी आली तेव्हा भावजी बाहेर कुणाला न कळवता आले. घरातच असायचे. सासूबाईंना त्यांनी नाकाचं सांगितलं होतं बहुतेक, कारण जेवताना त्या त्यांना न विचारता सांगायच्या, "आमटीला आमसुलाचा वास छान आलाय हो." एका रविवारी मी बाजारात मासे घेत होते, तर बँकेतले गृहस्थ पुढ्यात आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, चेहऱ्यावर जुनी ओळख. माझी पिशवी धरायला पुढे झाले. मी ती मागे घेतली.

"काय वहिनी, बरेच दिवसांत गाठ नाही. दर्यावर्दी कधी येताहेत? आले की कळवा हो. बसू एकदा."

"या वर्षी येणार नाहीत," मी म्हटलं.

"अरेरे. मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही नाही."

कोळणीने पाटीवर पाणी मारलं, ते थोडं त्यांच्या शर्टावर उडालं आणि ते मागे सरले. मी बांगडे घेतले, डोळे बघून, आणि रिक्षा केली. घरी आले तेव्हा पडवीत भावजी आणि सासूबाई समोरासमोर बसून भिजवलेले वाल सोलत होते. भावजींची सालं जमिनीवर पडत होती आणि सासूबाई त्यांना ओरडत होत्या.